तुतीच हवी, गारवाच हवा, बियाणंही विकतचंच: रेशीमअळीचे हट्ट कुठून आले?

सोलापूर जिल्ह्यात तुतीची बाग आता नवलाईची राहिलेली नाही. उसाला पाणी पुरत नाही, डाळिंबाला तेल्या आणि मर सोडत नाही, म्हणून एक-दोन एकर तुतीकडे वळवणारे शेतकरी जवळपास प्रत्येक तालुक्यात भेटतात. दरवर्षी महारेशीम अभियान येतं, सरकारी योजनेतून लागवडीला आणि संगोपनगृहाला मदत मिळते, चॉकी, म्हणजे केंद्रात थोडी वाढवलेली लहान अळी, आणली की तीन आठवड्यांत कोष विकायला तयार, हेही सांगितलं जातं. पहिली बॅच निघाली की प्रश्न सुरू होतात. कोष आपलेच आहेत, मग त्यातूनच अंडी का धरू नयेत? बांधावर एवढा हिरवा पाला आहे, अळी तो का खात नाही? पतंग बाहेर आला तर उडून जाईल का? मे महिन्यात बॅच का बसते?

वरवर पाहता हे वेगवेगळे प्रश्न आहेत. उत्तर मात्र एकाच दिशेने जातं. माणसाने हजारो वर्षं या किड्यातून फक्त लांब, पांढरा धागा देणारे किडे वेचून पुढची पिढी वाढवली. धागा वाढत गेला आणि बाकीचं बरंच काही हातातून निसटत गेलं.

अळीचं आयुष्य, थोडक्यात

अंडं उबवायला ठेवलं की दहा-अकरा दिवसांत फुटतं. बाहेर येणारी अळी मुंगीएवढी, काळपट, जेमतेम अर्धा मिलिग्रॅम वजनाची असते. पुढचे चोवीस-पंचवीस दिवस तिला एकच काम, पाला खाणं. या काळात ती चार वेळा कात टाकते आणि तिचं वजन सुमारे दहा हजार पटींनी वाढतं. एकूण पाल्यातला ऐंशी टक्क्यांहून जास्त पाला ती शेवटच्या, म्हणजे पाचव्या अवस्थेतल्या सात-आठ दिवसांत फस्त करते. ज्यांनी बॅच घेतली आहे त्यांना हा आठवडा वेगळा सांगायला नको. त्या दिवसांत घरातल्या कोणाचीच झोप पुरी होत नाही.

मग अळी खाणं थांबवते, अंग पिवळसर आणि पारदर्शक दिसू लागतं, आणि चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणण्यासाठीच्या जाळीवर, सोडली की दोन-तीन दिवसांत स्वतःभोवती कोष विणते. आत तिचा कोशित होतो. तसाच राहू दिला तर दहा-बारा दिवसांनी पतंग कोषाला भोक पाडून बाहेर येतो. पतंगाचं तोंड काही खाण्याच्या कामाचं नसतं. मीलन, अंडी आणि आठवडाभरात मृत्यू, एवढंच त्याचं आयुष्य.

धागा येतो कुठून?

अळीच्या अंगात दोन लांबलचक, नागमोडी ग्रंथी असतात. कोष विणायच्या वेळेपर्यंत त्या इतक्या फुगतात की शरीराच्या वजनातला चाळीस टक्क्यांपर्यंतचा वाटा त्यांचाच होतो. मागच्या भागात फायब्रोइन नावाचं प्रथिन तयार होतं. हाच खरा धागा. मधल्या भागात सेरिसिन हा चिकट थर तयार होतो. दोन ग्रंथींतून आलेले दोन तंतू तोंडाजवळ एकत्र येतात आणि सेरिसिन त्यांना चिकटवून एक करतं. अळी हा धागा पिचकारीसारखा बाहेर फेकत नाही. टोक कुठेतरी चिकटवून ती डोकं इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवते आणि ओढ बसली की आतला घट्ट द्राव धाग्यात बदलतो. चांगल्या कोषात असा हजार मीटरहून अधिक लांबीचा, न तुटलेला धागा असतो.

आता जनुकाकडे येऊ. जनुक म्हणजे एखादं प्रथिन कसं बनवायचं याची पेशीत साठवलेली लिखित कृती. ही कृती डीएनए नावाच्या रेणूवर असते आणि डीएनए गुंडाळून ठेवलेल्या लांब गाठोड्यांना गुणसूत्रं म्हणतात. रेशीमअळीत गुणसूत्रांच्या 28 जोड्या आहेत. फायब्रोइनच्या मुख्य साखळीची कृती त्यातल्या एकाच जनुकात आहे आणि ती कमालीची कंटाळवाणी आहे. ग्लायसिन, अॅलॅनिन, ग्लायसिन, अॅलॅनिन, ग्लायसिन, सेरिन, हीच माळ पुन्हा पुन्हा, पाच हजारांहून जास्त मण्यांची. रेशमाची ताकद आणि झळाळी याच एकसुरीपणातून येते. छोटे मणी एकमेकांना खेटून थरावर थर बसतात.

पण एका जनुकावर एवढं प्रथिन आठवडाभरात कसं तयार होतं? सोलापुरी चादरीचा जॅकार्ड माग डोळ्यांसमोर आणा. नक्षी पंच कार्डांवर असते आणि माल वाढवायचा तर मालक नवी शेड बांधतो. अळी शेड बांधत नाही. रेशीमग्रंथीतल्या पेशींची संख्या अंड्यातच ठरून जाते, नंतर त्या वाढत नाहीत. त्याऐवजी प्रत्येक पेशी आपल्या डीएनएच्या लाखो प्रती काढते, म्हणजे त्याच शेडमध्ये एकाच कार्डाच्या लाखो नकला लावून तितकेच माग एका वेळी चालवते. प्राणिसृष्टीत एका पेशीत इतका डीएनए साठल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

पतंगाला पंख आहेत, मग उडत का नाही?

पाळीव रेशीमकिड्याचं शास्त्रीय नाव बॉम्बिक्स मोरी. त्याचा रानटी भाऊबंद बॉम्बिक्स मँडरिना चीन, कोरिया, जपानमध्ये आजही तुतीवर सापडतो. चीनमध्ये सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी रानटी किडे पाळायला सुरुवात झाली. दोघांचा संकर आजही होतो आणि त्यांची पिल्लंही प्रजननक्षम असतात. त्यांच्यात फरक मात्र बघण्यासारखा आहे. रानटी अळी तपकिरी, फांदीच्या रंगात मिसळून जाणारी. आपली अळी पांढरीफटक, कावळ्याला दुरून दिसेल अशी. रानटी पतंग उडतो, पाळीव नर नुसते पंख फडफडवत जागेवर फिरतो. रानटी अळी धोका वाटला की निसटते, आपली अळी ट्रेमध्ये टाकली की ट्रेमध्येच राहते, पाला संपला तरी शोधायला जात नाही.

यातलं काही माणसाने ठरवून केलं, काही आपोआप झालं. पळून जाणाऱ्या अळीचे कोष मिळत नाहीत, म्हणून पुढची पिढी न पळणाऱ्यांची. उडून जाणारी मादी अंडी दुसरीकडे घालते, म्हणून तिचा वंश घरात राहत नाही. 2009 मध्ये 29 पाळीव आणि 11 रानटी वाणांचे डीएनए वाचून तुलना झाली, तेव्हा माणसाच्या निवडीच्या खुणा असलेली साडेतीनशेच्या आसपास जनुकं पुढे आली. ऊर्जा, प्रजनन, उडण्याची हालचाल अशा कामांशी त्यातली काही जोडलेली आहेत.

एक गोष्ट मात्र शाबूत राहिली. मादीचा गंध नराला आजही दुरून कळतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अॅडॉल्फ ब्यूटेनांट यांनी सुमारे पाच लाख माद्यांच्या गंधग्रंथी गोळा करून 1959 मध्ये तो पदार्थ ओळखला. कीटकांचा मीलनगंध रासायनिकदृष्ट्या पहिल्यांदा ओळखला गेला तो याच किड्यामुळे. फळबागेत कामगंध सापळे लावणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

तुतीच का? सुबाभूळ का नाही?

तुतीचं पान तोडलं की देठातून पांढरा चीक येतो. त्या चिकात साखरेसारखे दिसणारे काही पदार्थ असतात. बहुतेक कीटकांच्या पोटात साखर फोडणारं जे विकर, म्हणजे पचनाचं काम करणारं प्रथिन असतं, ते या नकली साखरेमुळे अडकून बसतं. पाला खाल्ला तरी अंगी लागत नाही. एरंडावर वाढणारी एरी रेशीमअळी तुतीवर तगत नाही ती याच कारणाने. रेशीमअळीकडे मात्र साखर फोडणारं आणखी एक विकर आहे आणि त्याला या चिकाने काही फरक पडत नाही. ते विकर बनवणारं जनुक कीटकांच्या घराण्यातलं नाही, जिवाणूंच्या जनुकाशी मिळतंजुळतं आहे. कधीतरी फार पूर्वी ते जिवाणूकडून तिच्या पूर्वजांच्या डीएनएमध्ये आलं असावं, असं जपानी संशोधकांनी 2008 मध्ये दाखवलं.

पोटाचं कोडं असं सुटलं, जिभेचं वेगळं आहे. 2019 मध्ये चिनी संशोधकांनी अळीच्या तोंडातलं कडू चव ओळखणारं एक जनुक बंद पाडलं आणि त्या अळ्या सफरचंद, मका, सोयाबीनही कुरतडू लागल्या. म्हणजे तुती सोडून दुसरं न खाणं हा बराचसा चवीचा नकार आहे. तरी मक्याचा चारा टाकून कोष मिळतील, अशा आशेवर राहू नका. कुरतडणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं.

जाता जाता फवारणीबद्दल. शेजाऱ्याने द्राक्षावर किंवा डाळिंबावर अळीनाशक मारलं आणि वाऱ्याने ते तुतीवर आलं की बॅच जाते. रेशीमअळी ही शेवटी अळीच. बोंडअळीसाठी बनवलेलं औषध तिला वेगळं ओळखत नाही.

आपल्याच कोषातून अंडी का धरू नयेत?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात रास्त प्रश्न. ज्वारीचं बियाणं घरचं ठेवणाऱ्या भागात दर बॅचला अंडीपुंज विकत आणणं खटकतंच.

इथे तोयामा कामेतारो या जपानी संशोधकाचं नाव घ्यायला हवं. मेंडेलने वाटाण्यावर मांडलेले आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांतही लागू होतात का, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तपासलं जात होतं. तोयामांनी सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये काम करताना तिथले आणि जपानी वाण एकमेकांशी लावले आणि 1906 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पिवळ्या कोषाचा आणि पांढऱ्या कोषाचा संकर केला की पहिल्या पिढीतले सगळे कोष पिवळे येतात. त्याच पिढीतले नर-मादी एकमेकांशी लावले की दुसऱ्या पिढीत पांढरे कोष पुन्हा डोकं वर काढतात, साधारण चारात एक. पांढरेपणाचं जनुक गेलं नव्हतं, दबून होतं.

तोयामांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. संकराची पहिली पिढी दोन्ही आईबापांपेक्षा दणकट असते, मरतुक कमी आणि कोष जड. 1910 च्या दशकात जपानने हे संकरित बियाणं शेतकऱ्यांना द्यायला सुरुवात केली आणि तिथलं रेशीम उत्पादन पुढच्या काही वर्षांत कुठल्या कुठे गेलं. आपल्या शेतात येणारे बहुतेक अंडीपुंजही असेच. म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेने 1990 च्या दशकात जपानी सहकार्याने काढलेले सीएसआर वाण त्यांच्या मुळाशी आहेत. आजचा दुहेरी संकर तर चार वाणांचा असतो: सीएसआर 6 आणि 26 यांची एक जोडी, सीएसआर 2 आणि 27 यांची दुसरी, आणि मग या दोन जोड्यांच्या पिल्लांचं लग्न.

आता घरच्या कोषातून पतंग काढून अंडी धरली तर काय होईल? चार घराण्यांची जनुकं पुन्हा पिसली जातील. एक कोष जड, दुसरा हलका, तिसऱ्याचा धागा सहाशे मीटरला तुटणारा. अळ्या एका दिवशी काताला बसणार नाहीत, एका दिवशी चंद्रिकेवर चढणार नाहीत. बाजारात व्यापारी अशी मिसळ बघून भाव पाडतो, आणि त्यात त्याची चूक नसते, कारण रिळावर एकसारखेच कोष चालतात.

दुसरं कारण आनुवंशिकतेचं नाही, रोगाचं आहे, आणि माझ्या मते ते पहिल्यापेक्षाही वजनदार आहे. पेब्रिन हा रोग आईकडून थेट अंड्यात उतरतो. एकोणिसाव्या शतकात या रोगाने फ्रान्सचा रेशीम धंदा बसवला, तेव्हा लुई पाश्चर यांना 1865 मध्ये त्या कामावर पाठवलं गेलं. ते पाच वर्षं त्यात अडकले आणि जी पद्धत त्यांनी बसवली ती आजही तशीच चालते. प्रत्येक मादीला वेगळी अंडी घालू द्यायची, मग ती मादी चेचून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. रोगाचे बीजाणू दिसले की तिची अंडी जाळायची. अंडीपुंजावर ‘रोगमुक्त’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ हा. घरी सूक्ष्मदर्शक नसेल तर घरच्या अंड्यांवर पुढची बॅच लावणं हा जुगार आहे.

बियाणं तयार करणाऱ्यांचं कामही सोपं नसतं. संकर करायचा तर एका वाणाच्या फक्त माद्या आणि दुसऱ्याचे फक्त नर हवेत, म्हणून कोशित असतानाच एकेक हातात घेऊन नर-मादी वेगळे करावे लागतात. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, रेशीमकिड्यात आईकडून. मादीकडे झेड आणि डब्ल्यू अशी दोन वेगळी गुणसूत्रं असतात, नराकडे दोन झेड. डब्ल्यूवर मादीपणाची एखादी मोठी कृती असेल असं बरीच वर्षं वाटत होतं. 2014 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की तिथून निघणारा आरएनएचा, म्हणजे डीएनएवरून उतरवलेल्या नकलेचा, एक इवलासा तुकडा नरपणाचा निरोपच कापून टाकतो, आणि किडा मादी होतो.

अंडी झोपतात म्हणजे काय?

थंड देशांतल्या वाणांची अंडी घातल्यावर काही दिवसांत काळपट होतात आणि हिवाळा संपेपर्यंत फुटतच नाहीत. याला सुप्तावस्था म्हणतात. वर्षाला दोन पिढ्या देणाऱ्या दुबार वाणात गंमत अशी आहे की अंडं झोपणार की नाही हे त्या अंड्यावर ठरत नाही. त्याची आई स्वतः अंड्यात असताना तिला किती ऊब आणि उजेड मिळाला, त्यावर ठरतं. 25 अंशांत आणि उजेडात वाढलेली मादी मोठेपणी झोपणारी अंडी घालते, 15 अंशांत अंधारात वाढलेली न झोपणारी. आईच्या मज्जासंस्थेतून सुटणारं एक संप्रेरक हा निरोप अंड्यापर्यंत पोहोचवतं.

आपल्याला वर्षभर बॅच हव्यात, म्हणून बीज केंद्रात ही अंडी घातल्यानंतर वीसेक तासांनी ठराविक तीव्रतेच्या गरम हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटं बुडवतात. झोप लागायच्या आत मोडते आणि अंडी वेळेवर फुटतात. घरी अंडी धरणाऱ्याची आणखी एक अडचण ही.

मग सोलापूरच्या उन्हात टिकणारी जात का काढत नाहीत?

काढण्याचे प्रयत्न आहेत. मोठ्या अळीला 24 ते 26 अंश आणि सत्तर टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मानवते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी ठणठणीत. पाला तासाभरात सुकतो, अळी खाणं कमी करते आणि ग्रासरी या अळीच्या रोगाचा विषाणू डोकं वर काढतो.

उष्णता सोसणारा वाण देशात आहे. म्हैसूर भागातला प्युअर मैसूर पिढ्यानपिढ्या तिथल्या हवेत रुळला. तो सहज मरत नाही, वर्षभर झोपही घेत नाही. पण त्याचा हिरवट पिवळा कोष लहान आणि धागा साडेतीनशे-चारशे मीटरचा. कोषाचा रंग एका-दोन जनुकांवर ठरतो, म्हणून तो बदलणं सोपं. उष्णता सोसणं आणि धाग्याची लांबी ही प्रत्येकी अनेक जनुकांची मिळून कामगिरी आहे आणि एकीकडे ओढलं की दुसरीकडे सैल पडतं. म्हणून मधला रस्ता काढतात: प्युअर मैसूर मादी आणि दुबार नर यांचा संकर, किंवा सीएसआर 18 आणि 19 यांच्यासारखा थोडी झळ सोसणारा जोड. तोपर्यंत भर उन्हाळ्यात एक बॅच सोडून तुतीची छाटणी उरकणारा शेतकरी शहाणा, असं मला वाटतं. शेडवर गोणपाट आणि फॉगर लावून चार-पाच अंश उतरतात, पंधरा उतरत नाहीत.

अळी न मारता रेशीम मिळत नाही का?

सोवळ्याला रेशीम चालतं आणि त्याच घरात मुंगी मारायची नाही असा दंडक असतो, तेव्हा हा प्रश्न येणारच. एक किलो कच्च्या रेशमाला सहा-सात किलो ओले कोष लागतात, म्हणजे काही हजार कोशित उष्णतेने मारले जातात. पतंगाला बाहेर येऊ दिलं तर तो तोंडातून एक विकर सोडून सेरिसिन विरघळवतो आणि धागे बाजूला सारून भोक पाडतो. मग सलग धागा निघत नाही, कापसासारखा पिंजून सूत काढावं लागतं. ते सूत जाडसर, कमी चमकीचं. अहिंसा रेशीम म्हणून विकलं जातं ते हेच. आसामातल्या एरी अळीचा कोष मुळातच एका टोकाला उघडा असतो, त्यामुळे तिथे हे जास्त सहज जमतं, जरी तिथले लोक एरीचा कोशित आवडीने खातातही.

पण सोडलेल्या पाळीव पतंगाचं पुढे काय? त्याला उडता येत नाही, खाता येत नाही, आठवड्यात तो मरतो, आणि एकेका मादीने चारशे-पाचशे अंडी घातलेली असतात. त्यातून निघणाऱ्या अळ्यांना कुणी पाला दिला नाही तर त्या उपाशी मरतात. मारायचं टाळलं तरी हिशेब चुकत नाही.

कोळ्याचं रेशीम देणारी अळी, ही काय भानगड?

रेशीमअळीत बाहेरचं जनुक घालून ते पुढच्या पिढीत उतरवण्याची पद्धत जपानमध्ये 2000 मध्ये जमली. 2023 मध्ये चिनी संशोधकांनी जनुक संपादनाने अळीच्या ग्रंथीत कोळ्याच्या जाळ्याचं प्रथिन तयार करून दाखवलं. कोळी एकत्र पाळले तर एकमेकांना खातात, म्हणून हा द्राविडी प्राणायाम. हैदराबादच्या सीडीएफडी या डीएनएवर काम करणाऱ्या संस्थेत जे. नागराजू यांच्या गटाने याच वाटेने ग्रासरीच्या विषाणूला तोंड देणाऱ्या अळ्या तयार केल्या होत्या. सोलापूरच्या दृष्टीने कोळ्याच्या धाग्यापेक्षा ते काम मला जास्त मोलाचं वाटतं.

अशी अळी निसटून रानात पसरली तर, ही शंका वाजवी आहे. आपल्याकडची भीती तुलनेने कमी आहे, कारण न उडणारा, न पळणारा हा किडा शेडबाहेर दोन दिवस टिकत नाही आणि सोलापूरच्या रानात संकर करायला त्याचा रानटी भाऊबंदही नाही. जपानमध्ये तो आहे. म्हणून 2017 मध्ये गुन्मा प्रांतातल्या शेतकऱ्यांना हिरव्या चमकत्या रेशमाच्या अळ्या वाढवायला देण्याआधी त्या रानटी मँडरिनाशी मिसळतील का, याची तपासणी झाली. भारतात अशा अळीला जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीची परवानगी लागते. बीटी कापसाला परवानगी देणारी समिती तीच.